पडद्यामागची ये-जा

एप्रिल-मे म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयांत सबमिशनचे आणि ओरलचे दिवस. लॅबबाहेरच्या पॅसेजमध्ये तिसऱ्या वर्षाची पोरं-पोरी जर्नलं छातीशी धरून उभी असतात. कुणाची सही राहिलेली असते, कुणाचा रायटप अजून मैत्रिणीच्या वहीतून उतरायचा असतो. 'वेब टेक्नॉलॉजी'ची ओरल असली की आत बसलेले एक्स्टर्नल एक प्रश्न हमखास विचारतात : 'गेट' आणि 'पोस्ट'मध्ये फरक काय? उत्तरही ठरलेलं. "सर, गेटमध्ये डेटा यूआरएलमध्ये दिसतो, पोस्टमध्ये दिसत नाही, म्हणून पोस्ट सिक्युअर असतं." सर मान डोलावतात आणि पुढचा रोल नंबर आत येतो.

या उत्तराचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध चुकीचा. एचटीटीपीएस नसेल तर पोस्टमधला मजकूरही वाटेत कुणालाही वाचता येतो. पण खरी अडचण वेगळीच आहे : मुद्द्याचा फरक या उत्तरात आलाच नाही. गेट म्हणजे 'मला अमुक दाखव'. पोस्ट म्हणजे 'हे घे आणि तुझ्याकडे काहीतरी बदल कर'. दाखवण्याची विनंती शंभर वेळा केली तरी सर्व्हरवरचं काहीही हलता कामा नये, असा हा करार आहे. तो मोडला की काय होतं ते मे २००५मध्ये दिसलं. गुगलने 'वेब ॲक्सिलरेटर' नावाचं एक साधन काढलं होतं. आपण पान वाचत असताना ते त्या पानावरचे दुवे आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे क्लिक केल्यावर ताटकळायला नको. पण तेव्हाच्या बऱ्याच वेब ॲप्लिकेशन्समध्ये 'डिलीट' हासुद्धा एक साधा दुवाच होता, म्हणजे गेट. ॲक्सिलरेटरने इमानेइतबारे तोही उघडला, आणि '३७सिग्नल्स' कंपनीच्या 'बॅकपॅक'सारख्या सेवा वापरणाऱ्यांच्या नोंदी त्यांनी बोट न लावता पुसल्या गेल्या. दोष कुणाचा यावर तेव्हा बरंच भांडण झालं. माझ्या मते दोष करार न पाळणाऱ्यांचा होता. अशी माणसं घडतात कुठे, हे पाहायचं तर त्या लॅबबाहेरच्या रांगेपासूनच सुरुवात करावी लागते.

या लेखासाठी पुणे आणि नाशिककडच्या काही महाविद्यालयांत हिंडलो, शिकवणाऱ्यांशी आणि शिकणाऱ्यांशी बोललो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. आपल्याकडे परस्परसंवादी वेब ॲप्लिकेशन्स शिकवायची म्हणजे भाषांची यादी संपवायची, असा समज आहे. एचटीएमएल झालं, सीएसएस झालं, जावास्क्रिप्ट झालं, आता पीएचपी. पण हा विषय भाषांचा नाहीच. तो दोन संगणकांच्या बोलण्याचा आहे. ते एकमेकांपासून लांब आहेत, एकमेकांवर विश्वास ठेवू शकत नाहीत आणि एकाचा निरोप दुसऱ्याला कधी पोचेल, पोचेल की नाही, याची खात्री नाही. हे डोक्यात बसलं तर भाषा कुठलीही चालते. नाही बसलं तर सहा भाषा येऊनही उपयोग नसतो.

गंमत अशी, की वेबवरचा हा संवाद जन्मला तोच एका विद्यापीठात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न'मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा ती मुख्यतः कागदपत्रं वाचण्याची सोय होती. १९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या 'एनसीएसए' या केंद्रात मार्क अँड्रीसन हा विद्यार्थी आणि त्याचा सहकारी एरिक बिना यांनी 'मोझेइक' ब्राउझर तयार केला. त्याच केंद्रात रॉब मॅकूल याने सर्व्हर लिहिला आणि तिथेच 'सीजीआय' आकाराला आलं. त्याचा अर्थ एवढाच : विनंती आली की सर्व्हरने नुसती फाइल उचलून न देता एक प्रोग्राम चालवायचा आणि त्याने छापलेलं पान पाठवायचं. ब्राउझरमध्ये भरायचा फॉर्म आणि सर्व्हरवर तो वाचणारा प्रोग्राम, एवढ्यावर वेब बोलू लागली. पुढे १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार लिहिला. आइकही इलिनॉयचेच माजी विद्यार्थी. त्या दहा दिवसांच्या घाईची फळं जगभरचे विद्यार्थी आजही भोगत आहेत, पण तो निराळा विषय. १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी पान न बदलता पाठीमागून डेटा आणण्याची युक्ती ब्राउझरमध्ये घातली, २००४मध्ये जीमेल आणि २००५मध्ये गुगल मॅप्स आले, आणि त्या युक्तीला 'एजॅक्स' हे नाव पडलं. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे जावास्क्रिप्ट आणि आपलं इंटरनेट एकाच वयाचं.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला 'वेब टेक्नॉलॉजी' हा विषय आहे. २०१९च्या पॅटर्नमध्ये त्याची सहा युनिटं आहेत आणि एका सेमिस्टरमध्ये एचटीएमएलपासून निघून सर्व्हलेट, जेएसपी, पीएचपी करत रुबी ऑन रेल्सपर्यंत पोचायचं आहे. लेखी परीक्षा इनसेमची ३० आणि एंडसेमची ७० गुणांची. मुंबई विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान शाखेला 'इंटरनेट प्रोग्रामिंग' आणि त्यापुढे 'वेब एक्स.०' असे विषय आहेत. नावं आधुनिक आहेत, मांडणी तीच. प्रत्येक तंत्राला दोन-तीन तास मिळतात. तेवढ्यात 'वैशिष्ट्ये सांगा' आणि 'फायदे-तोटे लिहा' एवढंच जमतं आणि पेपरातही तेच येतं. फॉर्म व्हॅलिडेशनचा प्रोग्राम पेनाने उत्तरपत्रिकेवर लिहायचा, कंस मोजत, हा प्रकार बाहेरच्या माणसाला थट्टा वाटेल, पण तो खरा आहे.

शिकवणारे वाईट आहेत म्हणून असं होतं, असं मला अजिबात वाटत नाही. अभ्यास मंडळाचीही एक अडचण आहे. हे क्षेत्र धावतं आणि अभ्यासक्रम पाच-सहा वर्षांतून एकदा बदलतो. जेक्वेरी २००६ची, अँग्युलर-जेएस २०१०चं, रिॲक्ट फेसबुकने खुलं केलं २०१३मध्ये. बऱ्याच अभ्यासक्रमांत मोठ्या हौसेने अँग्युलर-जेएस घेतलं गेलं आणि गुगलने डिसेंबर २०२१ अखेर त्याचा आधार काढून घेतला. मागे पडण्याच्या भीतीने मंडळ प्रत्येक वेळी यादीत एक नाव वाढवतं. जुनं मात्र निघत नाही, कारण ते शिकवायची सवय झालेली असते आणि जर्नलं तयार असतात.

जर्नलांचा हा भाग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. लॉगिन पानाचा प्रोग्राम वर्षानुवर्षं एका बॅचकडून दुसरीकडे जातो. त्यात 'मायएस्क्यूएल_कनेक्ट' हे फंक्शन असतं. डिसेंबर २०१५मध्ये आलेल्या पीएचपी ७मधून ते कायमचं काढून टाकलं आहे. नव्या झॅम्पवर, म्हणजे लॅपटॉपवरच सर्व्हर चालवून देणाऱ्या संचावर, प्रोग्राम चालत नाही, मग मुलं शोधून शोधून जुनं झॅम्प बसवतात. प्रोग्राम दुरुस्त करण्यापेक्षा काळ मागे नेणं सोपं पडतं. त्याच प्रोग्रामात वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव सरळ एसक्यूएलच्या वाक्यात जोडलेलं असतं, म्हणजे एक अवतरणचिन्ह योग्य जागी टाकलं की पासवर्डशिवाय आत. एसक्यूएल इंजेक्शनची व्याख्या याच मुलांनी दुसऱ्या एका विषयाच्या पेपरात बिनचूक लिहिलेली असते.

नावाच्या व्हॅलिडेशनचं प्रॅक्टिकलही घ्या. नावात फक्त ए ते झेड अक्षरं चालतील, असा नियम बहुतेक जर्नलांत आहे. त्यामुळे ज्यांचं नाव विद्यापीठाने धारण केलं आहे त्या सावित्रीबाईंनाही देवनागरीत नाव लिहून त्या फॉर्ममधून पुढे जाता येणार नाही. नियम काढला तरी प्रश्न संपत नाही. मायएस्क्यूएल २०१८मधल्या ८.० आवृत्तीपर्यंत न सांगता लॅटिन अक्षरसंच धरून चालायचं. जुन्या मांडणीत मराठी नाव साठवलं की परत येताना प्रश्नचिन्हांची रांग यायची. जावास्क्रिप्टला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर ती पाच सांगते, कारण ती काना आणि वेलांटीही वेगळी मोजते. मराठी मुलांना अक्षरं, संकेत आणि साठवण यांतला फरक समजावून द्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मी पाहिलेल्या एकाही जर्नलात ते नव्हतं.

आता जिथे मुलं खरी अडखळतात तिथे येऊ.

पहिलं अडखळणं विसराळूपणाचं. वेबचा सर्व्हर एक विनंती संपली की ती करणाऱ्याला विसरतो. तहसील कचेरीच्या खिडकीवरचा कारकून दर वेळी 'आपण कोण?' म्हणून नव्याने विचारतो आणि आपण खिशातलं टोकन दाखवतो, तसा हा कारभार चालतो. ते टोकन म्हणजे कुकी. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी १९९४मध्ये ही युक्ती काढली. आपण लॉगिन करतो तेव्हा सर्व्हर एक लांबलचक निरर्थक क्रमांक देतो. पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ब्राउझर तो पाठवतो आणि सर्व्हर आपल्या वहीत तो क्रमांक कुणाचा ते पाहतो. लॉगिन 'राहतं' असं आपण म्हणतो, पण राहत काही नाही, दर वेळी नव्याने ओळख पटवली जाते. हे न कळल्यामुळे मुलं सर्व्हरवरच्या एका साध्या व्हेरिएबलमध्ये 'सध्याचा वापरकर्ता' साठवतात. एकट्याच्या लॅपटॉपवर ते उत्तम चालतं. दोन मित्र एकाच वेळी आले की एकाला दुसऱ्याचं खातं दिसतं.

दुसरं अडखळणं वेळेचं, आणि हे सगळ्यांत चिवट. सी किंवा जावा शिकलेल्या मुलाला वाटतं, वरची ओळ पूर्ण झाली की खालची चालणार. जावास्क्रिप्टमध्ये 'फेच' म्हणून सर्व्हरकडे डेटा मागितला की प्रोग्राम थांबत नाही, पुढे जातो. पुढच्याच ओळीत डेटा छापायला जावं तर 'अनडिफाइंड' येतं किंवा हातात नुसता 'प्रॉमिस' येतो. मुलं तासन्‌तास याच्याशी झगडतात आणि शेवटी 'सेटटाइमआउट' घालून दोन सेकंद थांबवून ठेवतात. लॅबमध्ये ते चालतं, कारण सर्व्हर त्याच यंत्रावर आहे आणि उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. गावाकडच्या मोबाइल नेटवर्कवर तीन सेकंद लागले की पान रिकामं. कारण असं, की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. ती उत्तराची वाट पाहत बसली तर बटणं, स्क्रोल, सगळं गोठेल. म्हणून ती निरोप पाठवते, हातातलं काम संपवते, आणि उत्तर आलं की रांगेत लागलेलं पुढचं काम उचलते. आधी यासाठी एकात एक कॉलबॅक लिहावे लागत, २०१५मध्ये भाषेत प्रॉमिस आले, २०१७मध्ये 'असिंक' आणि 'अवेट'. लिहिणं सोपं झालं, पण 'अवेट' शब्द पाठ करून भागत नाही. शोधपेटीत आधी 'पु' आणि मग 'पुणे' टाइप केलं, आणि 'पु'चं उत्तर नंतर पोचलं, तर पडद्यावर काय दिसेल? पैसे भरण्याचं बटण अधीर माणसाने दोनदा दाबलं तर? दहावीच्या निकालाच्या दुपारी पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारणाऱ्या घराघरांतल्या बोटांचं काय करायचं? खरी प्रश्नपत्रिका ही आहे.

नाशिककडच्या एका महाविद्यालयात एक मॅडम यासाठी छान गोष्ट करतात. मुलाचं ॲप्लिकेशन चालू असताना त्या सर्व्हर बंद करायला लावतात आणि मग बटण दाबायला सांगतात. बहुतेकांचं पान काहीच बोलत नाही. वापरणाऱ्याला वाटतं, काम झालं. तिथून खरं शिकवणं सुरू होतं. ब्राउझरमध्येच नेटवर्क मुद्दाम संथ करण्याची सोय असते, तीही त्या वापरायला लावतात. अभ्यासक्रमात यातलं काहीही लिहिलेलं नाही. स्वतःचे तास खर्चून त्या हे करतात.

तिसरं, विश्वासाचं. ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो, आपल्या नव्हे. तिथे केलेली तपासणी ही फक्त सौजन्याची तपासणी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अनेक ऑनलाइन दुकानांत वस्तूची किंमत पानातल्या एका लपवलेल्या रकान्यात असायची. लोक पान उतरवून घेत, किंमत बदलत आणि फॉर्म पाठवत. सर्व्हर निमूटपणे तीच किंमत धरायचा. ऑक्टोबर २००५मध्ये सॅमी कामकार नावाच्या तरुणाने 'मायस्पेस'वरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये मजकुराच्या जागी थोडी जावास्क्रिप्ट लिहिली. जो ते पान पाहील त्याच्या प्रोफाइलमध्ये ती स्वतःची नक्कल करायची. वीसेक तासांत दहा लाखांहून जास्त लोकांच्या खात्यांत ती पसरली. समोरचा माणूस जे टाइप करतो तो मजकूरच असेल, हे गृहीतच चुकीचं होतं.

हे सगळं शिकवता येतं का? येतं. हेलसिंकी विद्यापीठाचा 'फुल स्टॅक ओपन' हा अभ्यासक्रम मात्ती लुक्काइनेन यांनी उभा केला आणि तो जगातल्या कुणालाही फुकट खुला आहे. त्यात रिॲक्ट आणि नोड आहे, पण सुरुवात तिथून होत नाही. आरंभीच्या भागात कोड जवळजवळ लिहायचाच नसतो. एक साधं टिपणवहीचं पान उघडायचं, नवं टिपण टाकायचं आणि ब्राउझर व सर्व्हर यांच्यात कोणकोणते निरोप कुठल्या क्रमाने गेले त्याची आकृती काढायची. मग तेच पान आधुनिक पद्धतीने, पान न बदलता चालतं तेव्हाची दुसरी आकृती. आधी ये-जा पाहायची, मग भाषा. कन्सोल कायम उघडा ठेवा, ही सूचना तर तिथे इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याला हसू यावं. एमआयटीमध्ये ईव्ह अँडरसन, फिलिप ग्रीनस्पन आणि अँड्र्यू ग्रुमेट यांनी याच विषयावर लिहिलेलं पाठ्यपुस्तक २००६मध्ये छापून आलं. त्या वर्गात भाषा कुठली घ्यायची हे विद्यार्थ्यांवर सोडलेलं होतं, मात्र गटाला एक खरा ग्राहक असायचा आणि त्याचं काम करून द्यावं लागायचं.

परदेशाचीच उदाहरणं कशाला? आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीत 'मॉडर्न ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट' दोन भागांत आहे. पहिल्यात पायथनचं फ्लास्क आणि छोटा डेटाबेस, दुसऱ्यात व्ह्यू. प्रकल्प हा स्वतंत्र विषय आहे आणि स्वतःचा कोड समोर ठेवून त्याची तोंडी परीक्षा द्यावी लागते. पुण्यात सी-डॅकचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकीची चार वर्षं झाल्यावर राज्यातली कितीतरी मुलं सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन तिथे जातात, सकाळपासून रात्रीपर्यंत लॅबमध्ये बसतात आणि मग नोकरीला लागतात. पदवीने जे द्यायचं ते पदवीनंतर वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, याबद्दल पालकांनी तक्रार करायला हवी. ते करत नाहीत, कारण नोकरी लागलेली असते.

भाषेचाही एक पदर आहे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा कन्सोलमधला लाल मजकूर वाचत नाही, तो पाहून दचकतो आणि शेजाऱ्याला हाक मारतो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२१पासून मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाली. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात पीएचपी आणि मायएस्क्यूएलचे धडे मराठी आवाजात ऐकता येतात. कोड इंग्रजीतच राहणार, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. निरोप कुठून कुठे गेला हे मात्र मराठीत सांगता येतं, आणि वर्गात सगळे शेवटी तेच करतात.

राहता राहिला प्रकल्प. पुण्यापासून नागपूरपर्यंत रेडीमेड प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत. 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम', 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम', सोबत रिपोर्ट, पीपीटी आणि ओरलची संभाव्य प्रश्नोत्तरंही. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या धंद्याला स्पर्धक मिळाला. आता लॉगिन, नोंदणी, कार्ट असलेलं चकचकीत ॲप्लिकेशन मुलगा एका दुपारी उभं करतो. मी याला वाईट म्हणणार नाही. उद्या नोकरीतही तो हेच करणार आहे. पण यंत्राने लिहिलेल्या कोडमध्ये तपासणी फक्त ब्राउझरमध्ये आहे, सर्व्हरवर नाही, हे ओळखायला कुणीतरी हवं. पडद्यावर जे दिसतं त्यालाच आपण आजवर गुण देत आलो. नेमकं तेच आता फुकट मिळू लागलं आहे. त्यामुळे जुनी मूल्यमापनाची पद्धत चुकीची होती की बरोबर, हा वादही आता उरलेला नाही. ती निरुपयोगी झाली आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम सध्या पुन्हा लिहिले जात आहेत. अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या सर-मॅडमना एवढंच सांगायचं आहे : नवं नाव घालण्याआधी दोन युनिटं काढून टाका. एकच भाषा, एकच डेटाबेस ठेवा. प्रत्येक गटाला एक खरा वापरकर्ता शोधायला लावा, गावचं वाचनालय, बचत गट, शेजारचा दवाखाना, कुणीही चालेल. ॲप्लिकेशन लॅपटॉपवरून उचलून खऱ्या सर्व्हरवर चढवायला लावा, महिनाभर चालू द्या, आणि त्या महिन्यात काय काय बिघडलं व ते कसं दुरुस्त केलं, यावर टर्म वर्कचे निम्मे गुण ठेवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, की महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.